पिस्तूल घेतलं, आता वर्गणीही भरा

अमेरिकेत पिस्तूल विकत घेणारा माणूस दुकानात पैसे मोजतो, पावती खिशात टाकतो आणि समजतो की आपलं काम झालं. माझ्या मते ते निम्मंच झालेलं असतं. ते पिस्तूल दहा वर्षांनीही त्याच्या घरात कायदेशीरपणे राहू शकेल का, हे राज्याच्या विधिमंडळात आणि कोर्टात ठरतं, आणि तिथे त्याच्या वतीने उभं राहायला कोणीतरी लागतं. बंदूकधारकांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटना इथे ते काम करतात. ज्याच्या घरात बंदूक आहे त्याने अशा एका तरी संघटनेचं सभासद व्हायलाच हवं, असं मला मनापासून वाटतं. आज त्याविषयीच लिहिते आहे.

मी न्यू जर्सीच्या पश्चिमेला, हंटरडन काउंटीत राहते. न्यू जर्सी म्हटलं की आपल्या लोकांना एडिसन शहराची गजबज आठवते. हा भाग अगदी निराळा आहे. शेतं, घोड्यांचे तबेले आणि दोन घरांमध्ये भरपूर मोकळी जागा. आमच्या टाउनशिपला स्वतःचं पोलिस खातं नाही. काही झालं तर स्टेट पोलिसांची गाडी येते, पण ती त्या क्षणी किती लांब आहे यावर सगळं अवलंबून. नवरा कामासाठी बरेचदा बाहेरगावी असतो आणि घरात मी, मुलगी आणि सासूबाई. पिस्तूल घेण्यामागे याहून वेगळं कारण नव्हतं. सासूबाईंना आधी ते अजिबात पसंत नव्हतं. मग त्यांनी तिजोरी पाहिली, ती माझ्या बोटाच्या ठशाशिवाय उघडत नाही याची स्वतः खात्री करून घेतली, आणि त्यानंतर तो विषय त्यांनी परत काढला नाही.

भारतातून बघणाऱ्यांना वाटतं, इथे किराणा आणायला गेलं की येताना बंदूक घेऊन येता येतं. काही राज्यांत ते बरंच सोपं आहे, हे खरं. न्यू जर्सीत मात्र आधी बंदूक खरेदीचं ओळखपत्र काढावं लागतं. त्यासाठी बोटांचे ठसे द्यायचे, दोन ओळखीच्या माणसांची नावं द्यायची, मानसिक आरोग्याच्या नोंदी तपासायला लेखी संमती द्यायची. पिस्तूल हवं असेल तर प्रत्येक पिस्तुलाला वेगळा परवाना लागतो आणि त्याची मुदत 90 दिवसांची असते. एका महिन्यात एकच पिस्तूल घेता येतं. एवढं करून दुकानात गेलं की फेडरल सरकारचा 4473 क्रमांकाचा फॉर्म आणि बॅकग्राउंड चेक असतोच. (एच-वन-बी किंवा विद्यार्थी व्हिसावर आलेल्या आपल्या मुलांनी हे नीट लक्षात ठेवा: शिकारीचा वैध परवाना असण्यासारखे थोडे अपवाद सोडले तर त्या व्हिसावर बंदूक बाळगणं हा फेडरल गुन्हा आहे. मित्राबरोबर नेमबाजीच्या रेंजवर जाऊन तासाभरासाठी भाड्याने पिस्तूल हातात घेणंसुद्धा त्यात येऊ शकतं. ग्रीन कार्ड मिळेपर्यंत थांबा.)

या चौकशीला माझा विरोध नाही. ज्याच्यावर घरगुती हिंसाचाराचा गुन्हा शाबीत झालाय त्याला बंदूक मिळू नये, हे मी कुठल्याही व्यासपीठावर सांगेन. पण नियम पाळून घेतलेली वस्तूसुद्धा सुरक्षित नसते, हे मला 2018 साली कळलं. तोवर न्यू जर्सीत 15 गोळ्यांचं मॅगझिन (पिस्तुलात बसणारी गोळ्यांची पेटी) कायदेशीर होतं. त्या वर्षी जूनमध्ये राज्याने मर्यादा 10 वर आणली आणि लोकांना 180 दिवस दिले. तेवढ्यात मॅगझिन बदलून घ्या, राज्याबाहेर विका किंवा पोलिसांना देऊन टाका. डिसेंबरनंतर तेच मॅगझिन कपाटात सापडलं तर दीड वर्षापर्यंत तुरुंग. पावती घेऊन, कर भरून दुकानातून आणलेली वस्तू होती ती. वापरणारा बदलला नव्हता, वस्तू बदलली नव्हती, फक्त ट्रेंटनमध्ये, राज्याच्या राजधानीत, एक सही झाली होती.

या बदलाची बातमी मला सरकारकडून आली नाही. असोसिएशन ऑफ न्यू जर्सी रायफल अँड पिस्टल क्लब्ज या राज्य संघटनेच्या ईमेलमधून आली. काय करायचं, कधीपर्यंत करायचं, काय केलं तर गुन्हा होईल, हे त्यांनी साध्या भाषेत लिहून पाठवलं. कायद्यावर सही झाली त्याच दिवशी त्यांनी फेडरल कोर्टात दावाही लावला होता. माझ्यासारख्या एकटीने हे कधी केलं असतं? घटनेच्या प्रश्नावर फेडरल कोर्टात वर्षानुवर्षं लढायचं तर लाखो डॉलर लागतात. ते एका घराच्या आवाक्यातलं काम नाही. हजारो घरांनी थोडे थोडे टाकले तरच ते होतं.

गेल्या काही वर्षांतले सगळे महत्त्वाचे निकाल बघा, प्रत्येकामागे अशी माणसं आहेत. वॉशिंग्टन डीसीमध्ये 1976 पासून सामान्य माणसाला घरात पिस्तूल ठेवता येत नव्हतं. डिक हेलर नावाचा सुरक्षा रक्षक दिवसभर सरकारी इमारतीत पिस्तूल लावून इतरांचं रक्षण करायचा आणि संध्याकाळी ते तिथेच ठेवून स्वतःच्या घरी रिकाम्या हाताने जायचा. त्याच्या खटल्यात 2008 साली सुप्रीम कोर्टाने 5 विरुद्ध 4 मतांनी सांगितलं की दुसऱ्या घटनादुरुस्तीने दिलेला शस्त्र बाळगण्याचा हक्क व्यक्तीचा आहे. 1791 सालची घटनादुरुस्ती, आणि एवढी गोष्ट स्पष्ट व्हायला 2008 उजाडलं! नॅशनल रायफल असोसिएशन म्हणजे एनआरए ही सगळ्यात मोठी संघटना सुरुवातीला या खटल्याबाबत कचरत होती. हरलो तर कायमचं नुकसान होईल, अशी त्यांना भीती होती. रॉबर्ट लेव्ही या वकिलाने स्वतःच्या पैशाने तो पुढे नेला. म्हणूनच एकच बलाढ्य संघटना असण्यापेक्षा चार-पाच असाव्यात असं मला वाटतं. एक थांबली तर दुसरी चालत राहते.

पण डीसी हा फेडरल प्रदेश. राज्यांना आणि शहरांना हा निकाल लागू आहे का, हा प्रश्न उरलाच होता. शिकागोत 1982 पासून पिस्तुलांवर बंदी होती. तिथे ओटिस मॅकडॉनल्ड हे निवृत्त कृष्णवर्णीय गृहस्थ होते, सत्तरी ओलांडलेले. त्यांच्या घरात पुन्हा पुन्हा चोऱ्या झाल्या होत्या. सेकंड अमेंडमेंट फाउंडेशन आणि इलिनॉय राज्याची रायफल संघटना त्यांच्या बाजूने उभ्या राहिल्या, आणि 2010 साली सुप्रीम कोर्टाने परत 5-4 मतांनी त्यांच्या बाजूने निकाल दिला. एक मत इकडचं तिकडे झालं असतं तर आज चित्र वेगळं असतं.

मला स्वतःला सगळ्यात जवळचा वाटतो तो 2022 चा निकाल, न्यूयॉर्कचा. तिथे शंभर वर्षांहून जुन्या कायद्यानुसार पिस्तूल जवळ बाळगून घराबाहेर पडायचं तर ‘सबळ कारण’ दाखवावं लागायचं, आणि कारण सबळ आहे की नाही हे अधिकाऱ्याने ठरवायचं. न्यू जर्सीतही तसंच होतं. अधिकाऱ्याच्या मर्जीवर हक्क टांगलेला असला की तो कुणाला मिळतो आणि कुणाला नाकारला जातो, हे या देशाच्या इतिहासात स्पष्ट दिसतं. 1956 साली अलाबामातल्या माँटगोमेरीत मार्टिन ल्यूथर किंग यांच्या घरावर बाँब टाकला गेला. बायको आणि तान्ही मुलगी घरात होत्या. त्यानंतर त्यांनी पिस्तूल बाळगण्याच्या परवान्यासाठी अर्ज केला. तो फेटाळला गेला. त्यांच्याइतकं सबळ कारण त्या वर्षी सबंध राज्यात आणखी कोणाकडे असेल? किंग पुढे अहिंसेच्या मार्गाने गेले, ही त्यांची थोरवी. पण ज्याने अर्ज फेटाळला त्याच्या न्यायबुद्धीची ती थोरवी नव्हे. गोरा नसलेला, उच्चार वेगळा असलेला माणूस त्या खिडकीसमोर उभा राहिला की काय होऊ शकतं, याचा विचार आपण स्थलांतरितांनी तरी करायला हवा.

न्यूयॉर्कचा तो खटला त्या राज्याच्या रायफल आणि पिस्तूल संघटनेने, दोन सभासदांच्या नाकारलेल्या अर्जांवरून, लढवला. 23 जून 2022 ला निकाल लागला आणि दुसऱ्याच दिवशी न्यू जर्सीने ‘सबळ कारणा’ची अट काढून टाकली. जिथे सामान्य नागरिकाला हा परवाना मिळणं जवळजवळ अशक्य होतं, तिथे माझ्यासारखी अर्ज करू शकली. त्या खटल्याला मी एक पैसाही दिलेला नव्हता. दुसऱ्या राज्यातल्या अनोळखी माणसांच्या वर्गणीतून माझा हक्क मला मिळाला. याचं ओझं मला वाटतं, आणि वाटायलाच हवं.

निकाल लागला म्हणजे प्रश्न मिटला असंही नाही. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये न्यू जर्सीने नवा कायदा केला. पिस्तूल जवळ बाळगायच्या परवान्याची फी 50 डॉलरवरून 200 वर गेली, ओळखपत्राची 5 वरून 50 वर, अर्जाला चार जणांचे दाखले लागू लागले, आणि जिथे पिस्तूल नेता येणार नाही अशा ठिकाणांची भलीमोठी यादी आली. शाळा, कोर्ट यांना माझी काहीच हरकत नाही. पण फी चौपट करण्यामागे सुरक्षेचं कुठलं कारण आहे ते मला कोणी समजावून सांगावं. रात्रपाळीला गोदामात काम करणाऱ्या, रोज बसने जाणाऱ्या बाईलाच स्वसंरक्षणाची गरज जास्त, आणि 200 डॉलर तिलाच जड. हा कायदाही लगोलग कोर्टात गेला, आणि तो तिथे कोणी नेला हे वेगळं सांगायला नको.

याच राज्यातली आणखी एक घटना लिहिल्याशिवाय पुढे जाववत नाही. 2015 साली दक्षिण जर्सीतल्या बर्लिन गावात एका बाईने छळणाऱ्या जुन्या साथीदाराविरुद्ध कोर्टाकडून मनाई हुकूम घेतला होता, घराला कॅमेरे लावले होते, आणि पिस्तुलाच्या परवान्यासाठी अर्ज केला होता. कायद्याने पोलिसांनी 30 दिवसांत निर्णय द्यायचा होता. ती मुदत उलटून गेली, परवाना आला नाही, आणि जूनमध्ये त्याने तिला तिच्याच घरासमोर भोसकून मारलं. पिस्तूल असतं तर ती वाचलीच असती असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण कायद्याने दिलेली मुदत सरकारने पाळावी यासाठी पाठपुरावा कोण करतं? तिच्यानंतर हा प्रश्न ट्रेंटनमध्ये सतत लावून धरला तो याच संघटनांनी.

संकटकाळात तर त्यांची गरज आणखी उघडी पडते. 2005 साली कटरीना वादळाने न्यू ऑर्लिन्स बुडालं. फोन बंद, पोलिस अपुरे, लूटमार चालू, आणि अशा वेळी पोलिसांनी घरोघरी जाऊन नागरिकांच्या कायदेशीर बंदुका काढून घेतल्या. एनआरए आणि सेकंड अमेंडमेंट फाउंडेशन कोर्टात गेले, तेव्हा फेडरल न्यायालयाने जप्ती थांबवायचा हुकूम दिला. काढून घेतलेल्या बंदुका आपल्याकडे आहेत हे मान्य करायलाच शहराला 2006 उजाडलं, आणि ती संख्या हजाराच्या घरात निघाली. त्याच वर्षी काँग्रेसने आपत्तीच्या काळात अशी जप्ती करायला मनाई करणारा कायदा केला. मार्च 2020 मध्ये, कोविडच्या पहिल्या आठवड्यांत, न्यू जर्सीने बंदुकांची दुकानं बंद केली होती. दारूची दुकानं उघडी होती. संघटनांनी लगेच दावे लावले, फेडरल सरकारचं मार्गदर्शनही आलं, आणि महिना संपता संपता अपॉइंटमेंट घेऊन दुकानात जायची मुभा मिळाली. त्या वर्षी देशभरात सुमारे 3 कोटी 97 लाख बॅकग्राउंड चेक झाले. तोवरचा तो उच्चांक होता. माझ्या ओळखीतल्या कित्येक देशी कुटुंबांनी त्याच वर्षी पहिल्यांदा बंदुकीचा विचार केला.

आता तुमच्या मनातला प्रश्न: शाळांमधल्या गोळीबारांचं काय? सँडी हूक, 2012: 20 मुलं आणि 6 मोठी माणसं. युवाल्डी, 2022: 19 मुलं आणि 2 शिक्षिका. आई म्हणून मी त्या बातम्या पाहिल्या आहेत. दुसऱ्या दिवशी मुलीला शाळेच्या बसमध्ये चढवताना हात सुटत नव्हता. ज्यांना वाटतं की या संघटनांमुळेच हे घडतं, त्यांचं दुःख मी खोटं मानत नाही. पण मला त्या संघटनांचं काम जवळून दिसतं, आणि ते तुमच्यापर्यंत पोचत नाही. 2017 साली टेक्सासच्या सदरलँड स्प्रिंग्जमधल्या चर्चमध्ये 26 जणांचा बळी गेला. मारेकऱ्यावर घरगुती मारहाणीचा लष्करी गुन्हा शाबीत झालेला होता, त्याला बंदूक मिळायलाच नको होती. हवाई दलाने ती नोंद एफबीआयकडे पाठवलीच नव्हती. अशा नोंदी पाठवल्या जात नाहीत, ही यंत्रणा दुरुस्त करा, असं बंदूक उद्योगाची नॅशनल शूटिंग स्पोर्ट्स फाउंडेशन 2013 पासून सांगत होती. 2018 साली काँग्रेसने त्यासाठी जो कायदा केला त्याचं नावसुद्धा त्या मोहिमेवरून आलं. त्या दिवशी मारेकऱ्याला चर्चबाहेर अडवणारा शेजारी हा एनआरएचा प्रशिक्षक होता आणि त्याच्या हातात स्वतःची रायफल होती.

दुसरी बाजू आत्महत्यांची आहे. अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक मृत्यू आत्महत्येचे असतात. न्यू हॅम्पशरमध्ये 2009 साली एकाच दुकानातून आठवड्याभरात तीन वेगवेगळ्या माणसांनी बंदुका घेतल्या आणि काही तासांत जीव दिला. त्यानंतर दुकानदार, बंदूकधारक आणि सार्वजनिक आरोग्य क्षेत्रातली माणसं एकत्र बसली. ग्राहकाच्या वागण्यातून धोका कसा ओळखायचा आणि नाही कधी म्हणायचं, याची माहितीपत्रकं राज्यभर दुकानांत पोचली. घरातला कोणी नैराश्यात असेल तर त्याचं शस्त्र काही दिवस बाहेर सुरक्षित ठेवा, हे बंदूकधारक बंदूकधारकालाच सांगू शकतो. डॉक्टरांनी सांगितलं तर तो संशय घेतो. लहान मुलांसाठी एनआरएने 1988 मध्ये सुरू केलेला ‘एडी ईगल’ कार्यक्रम आहे. बंदूक दिसली तर थांब, हात लावू नकोस, तिथून पळ, मोठ्या माणसाला सांग. मुलीला हे मी पिस्तूल घरात येण्याआधी पाठ करून घेतलं. ज्यांच्या घरात बंदूक नाही त्यांनीही मुलांना हे शिकवावं, कारण मुलं दुसऱ्यांच्या घरी खेळायला जातात.

संघटनांचं सगळंच मला पटतं असं नाही. वेन लापिएर यांनी तीन दशकं एनआरए चालवली आणि सभासदांच्या पैशावर स्वतःची चैन केली. 2024 मध्ये न्यूयॉर्कच्या ज्यूरीने ते सिद्ध झाल्याचं सांगितलं आणि त्यांना लाखो डॉलर परत करायला लावले. मला त्याचा अजून संताप येतो. निवृत्त माणसं पेन्शनमधून वर्गणी पाठवत होती. त्याच वर्षी रहीमी खटल्यात सुप्रीम कोर्टाने 8 विरुद्ध 1 मतांनी ठरवलं की ज्याच्यापासून जोडीदाराला धोका आहे असं कोर्टाने मानलंय त्याच्याकडून शस्त्र काढून घेता येईल. अनेक हक्कवादी गट त्याविरुद्ध होते, मला मात्र तो निकाल योग्य वाटला. पण म्हणून वर्गणी बंद करणं हा उपाय नव्हे. सलग काही वर्षं सभासद राहिलात तर संचालक निवडताना मत देता येतं, हिशेब मागता येतो. बाहेर राहून नुसती नाराजी व्यक्त केली तर कोणी विचारत नाही. आणि निवडीला वावही खूप आहे. फक्त खटल्यांवर भर देणारी सेकंड अमेंडमेंट फाउंडेशन आहे, फायरआर्म्स पॉलिसी कोअलिशन आहे. कृष्णवर्णीयांची नॅशनल आफ्रिकन अमेरिकन गन असोसिएशन 2015 पासून आहे, समलिंगी समाजाची पिंक पिस्टल्स 2000 पासून. बंदूकधारक म्हणजे एकाच रंगाची, एकाच पक्षाची माणसं, हा समज यांनी मोडून काढला आहे.

प्यू संस्थेच्या 2023 च्या पाहणीत 32 टक्के प्रौढांनी आपल्याकडे बंदूक असल्याचं सांगितलं. म्हणजे आठ कोटींच्या आसपास माणसं. एनआरएने आपल्या भरभराटीच्या काळात सांगितलेली सभासदसंख्या पन्नास लाखांच्या आसपास होती. बाकीचे कुठे आहेत? दुसऱ्याने विहीर खणायची आणि आपण फक्त कळशी घेऊन जायचं, असं चाललंय. आपल्या मराठी मंडळींत तर याहून अवघड. मंडळाच्या जेवणात बाजूला घेऊन हळूच सांगणारे बरेच भेटतात की आमच्याकडेही आहे हो, पण कोणाला बोलू नका. 2012 चा ओक क्रीकच्या गुरुद्वारातला गोळीबार आणि 2017 मधली कॅन्ससच्या ओलेथमधली भारतीय इंजिनिअरची हत्या त्यांच्या मनात असते. शेजाऱ्यांना सांगू नका, ते शहाणपणाचंच आहे. पण आमदाराला पत्र लिहायला काय हरकत आहे? ट्रेंटनमध्ये समितीसमोर कोणालाही बोलता येतं. दोन-तीन मिनिटं मिळतात. मी बोलले तेव्हा समोरच्यांपैकी काहींनी पहिल्यांदाच मान वर केली. साडी नेसलेल्या, मराठी वळणाचं इंग्रजी बोलणाऱ्या बाईकडून हा मुद्दा येईल असं त्यांना वाटलं नव्हतं. विधेयक मंजूर झालंच. पण त्यातलं एक कलम सुधारून आलं.

ज्यांचं ग्रीन कार्ड आलंय आणि जे पहिलं पिस्तूल घ्यायच्या विचारात आहेत, त्यांनी हा क्रम धरावा: आधी प्रशिक्षण, मग तिजोरी, मग राज्य संघटनेचं सभासदत्व, आणि मग पिस्तूल. सभासदत्व आधी अशासाठी की कायदे राज्याराज्यात बदलतात आणि चूक महागात पडते. 2013 साली फिलाडेल्फियाची एक एकटी आई पेनसिल्व्हेनियाचा वैध परवाना आणि पिस्तूल घेऊन पूल ओलांडून न्यू जर्सीत आली. पोलिसाने गाडी थांबवली तेव्हा तिने आपण होऊन पिस्तूल असल्याचं सांगितलं. परवाना इथे चालत नाही हे तिला ठाऊक नव्हतं. काही वर्षांच्या तुरुंगवासाची टांगती तलवार डोक्यावर घेऊन ती जगली, आणि अखेर 2015 मध्ये गव्हर्नरने माफी दिली. राज्य ओलांडताना पिस्तूल रिकामं करून, कुलूपबंद पेटीत, गाडीच्या डिकीत ठेवायचं, ही माहिती राज्य संघटना पहिल्याच ईमेलमध्ये देते.

मॅगझिनचा तो 2018 चा दावा आधी अपील कोर्टात हरला. 2022 मध्ये सुप्रीम कोर्टाने तो फेरविचारासाठी खाली पाठवला. जुलै 2024 मध्ये जिल्हा न्यायाधीशांनी 10 गोळ्यांची मर्यादा कायम ठेवली, पण एका प्रकारच्या रायफलवरची बंदी घटनाबाह्य ठरवली, आणि दोन्ही बाजू परत अपिलात गेल्या. या सगळ्या काळात वकिलांची फी दर महिन्याला कोणीतरी भरत होतं. आमच्या घरातून दोन वर्गण्या जातात, एक राज्य संघटनेला आणि एक सेकंड अमेंडमेंट फाउंडेशनला. दोन्ही मिळून रेंजवर एका दुपारी उडणाऱ्या काडतुसांपेक्षा फार जास्त होत नाहीत. मुलगी अठरा वर्षांची झाली की तिच्या नावाने तिसरी भरायचं ठरलं आहे.